वारा पाहून पाठ द्यावी

मराठी म्हणींचा संसार मुख्यतः शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी वाढला. वाऱ्याच्या आणि पाण्याच्या म्हणी त्या मानाने थोड्या, आणि ज्या आहेत त्यांचा खारटपणा घराघरांतून फिरता फिरता ओसरून गेला आहे. 'वारा पाहून पाठ द्यावी' ही त्यांतलीच एक. वर्गात ही म्हण शिकवताना आम्ही अर्थ विचारला, की मुले 'संधिसाधूपणा' असे एका सुरात सांगतात, आणि पाठ्यपुस्तकाच्या न्यायाने त्यांस गुणही द्यावे लागतात. परंतु ज्याच्या पायाखाली फळी आणि फळीखाली दर्या आहे, त्याच्या दृष्टीने या म्हणीत संधिसाधूपणा मुळीच नाही. तेथे वारा पाहणे ही विद्या आहे आणि पाठ कधी द्यावी, किती द्यावी, कोणास द्यावी हे जाणणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

हा विषय या महिन्यात घेण्यास कारणही तसेच आहे. २९ मे २०२५ रोजी 'तारिणी' ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आपल्या मुरगाव बंदरात परतली. नौदलातील दिल्ना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी स्त्रिया २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या होत्या. नौका ५६ फुटांची आणि तिच्यावर माणसे दोनच. तेव्हापासून जेथे जावे तेथे हा विषय निघतो, आणि निघाला की एकच प्रश्न येतो : 'वादळात या पोरींनी केले काय? पळून जायचे तरी कोठे?' प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपणां किनाऱ्यावरच्या माणसांच्या समजुतीहून बरेच निराळे आहे. आमच्या गोव्याची मुलेही आता शिडाच्या नौकांवर शिकावयास जाऊ लागली आहेत. तेव्हा हे उत्तर घरोघरी ठाऊक असणे बरे.

भय वाटले की माणसाचे मन त्यास दोन सल्ले देते. पहिला, किनाऱ्याकडे धाव. दुसरा, बुडू पाहणारी नौका सोडून दे. दोन्ही सल्ले स्वाभाविक आहेत आणि भर समुद्रात दोन्ही बहुधा घातक ठरतात. हे आम्ही पुस्तकी पांडित्याने म्हणत नाही. पंधरा माणसांच्या प्राणांचे मोल देऊन हा धडा जगाने लिहून घेतला आहे.

ती कथा १९७९ सालची. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. तेथील काउज बंदरातून निघावे, आयर्लंडच्या दक्षिण टोकापाशी समुद्रात एकटाच उभा असलेला फास्टनेट नावाचा खडक आणि त्यावरील दीपगृह यांस वळसा घालावा आणि प्लिमथ बंदरात परतावे, अशी ही शर्यत तेव्हा सुमारे ६०५ सागरी मैलांची होती. ११ ऑगस्ट १९७९ रोजी तीत ३०३ नौका उतरल्या. ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांचीही नौका तीत होती. हौशी व सराईत, लहान व मोठ्या अशा सर्व प्रकारच्या नौका होत्या. सर्वांत लहान नौका आपल्याकडील मच्छीमारी होडीहून फारशा मोठ्या नव्हत्या.

सोमवारी, १३ तारखेस, दुपारच्या हवामानवृत्तात मध्यम ते जोरदार वाऱ्याचे भाकीत होते. दुपार कलते न कलते तोच सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला आणि मध्यरात्रीच्या आत तो १० क्रमांकाच्या वादळापर्यंत चढला. हे क्रमांक फ्रान्सिस बोफर्ट नामक ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली लावून दिले. शून्य म्हणजे आरशासारखा समुद्र आणि १२ म्हणजे सर्वसंहारक झंझावात. १० क्रमांकाचा वारा तासाला सुमारे ९० ते १०० किलोमीटर वेगाने वाहतो. त्या रात्री बहुतेक लहान नौका लँड्स एंड आणि फास्टनेट यांच्या मधल्या उघड्या समुद्रात होत्या. काळोखात लाटा उभ्या राहून माथ्यावरून फुटत होत्या. पुढे चौकशीत ज्या नौकांनी माहिती दिली, त्यांतील सुमारे एक तृतीयांश नौका आडव्या पडण्याच्याही पलीकडे कलंडल्या होत्या. ब्रिटिश नौदलाची हेलिकॉप्टरे, जीवरक्षक नौका, 'ओव्हरआयसेल' ही डच युद्धनौका असे अनेक हात मदतीस धावले. तरीही शर्यतीतील १५ नाविक गेले. ३०३ पैकी ८५ नौकांनीच शर्यत पुरी केली, १९४ नौका अर्ध्यावरून फिरल्या आणि २४ नौका त्यांवरील माणसांनी सोडून दिल्या.

आता वाचकांनी या २४ आकड्यापाशी थोडे थांबावे. सोडून दिलेल्या या २४ नौकांपैकी बुडाल्या किती? केवळ पाच. उरलेल्या एकोणीस नौका वादळ शमल्यावर तरंगत असलेल्या सापडल्या. कोणाची डोलकाठी मोडली होती, कोणाच्या पोटात गुडघाभर पाणी होते, पण त्या पाण्यावर होत्या. उलट ज्या रबरी तराफ्यांच्या भरवशावर माणसे नौका सोडून गेली, त्यांतील काही तराफे उलटले, काही फाटले. पंधरांपैकी सात मृत्यू या तराफ्यांशी निगडित होते, असे चौकशी समितीने नोंदवले. नौका राहिली आणि माणूस गेला, याहून दारुण हिशेब कोणता असेल?

असे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. समुद्रात जाणाऱ्या शिडाच्या नौकेच्या तळाशी शिशाचा किंवा लोखंडाचा फार मोठा भार जडवलेला असतो. लहानपणी आपण सर्वांनी तळाशी जड असलेली बाहुली पाहिली आहे. तिला कितीही आडवी करा, हात काढताच ती उभी राहते. चांगल्या बांधणीची नौका ही तशीच बाहुली आहे. लाटेने तिला आडवी केली, क्षणभर पालथीही केली, तरी तळाचा भार तिला पुन्हा सरळ करतो. अट एवढीच, की तिची दारे-झरोके घट्ट बंद असावीत आणि तिच्या पोटात पाणी शिरू नये. तराफ्यास हा भार नसतो, सुकाणू नसते, शीड नसते; तो लाटेवरचा पालापाचोळा. म्हणून जाणत्या नाविकांचा एक नियम आहे. तराफ्यात जावयाचे ते वर चढून, खाली उतरून नव्हे. म्हणजे नौका इतकी बुडालेली असावी, की तराफा तिच्याहून उंच भासावा. तोवर तिचा हात सोडू नये. नौका जळू लागली तर गोष्ट वेगळी. परंतु केवळ भीतीने तिला सोडू नये.

या शर्यतीत सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून एकच नौका प्लिमथला शर्यत पुरी करून पोचली. तिचे नाव 'असेंट', लांबी ३२ फूट. ती इतर कित्येक नौकांसारखी हलकी आणि चपळ नव्हती, जुन्या वळणाची, भक्कम बांध्याची होती. वेगासाठी वजन उतरवीत जावे, तर कसोटीच्या रात्री तेच वजन आठवते, हा त्यातला बोध संसारी माणसासही उपयोगी पडेल.

आता पहिल्या सल्ल्याकडे वळू : किनाऱ्याकडे धावण्याच्या. आपल्या भाषेत 'किनारा गाठणे' म्हणजे तरून जाणे. 'जीवननौका किनाऱ्यास लागो' असे आशीर्वाद आपण देतो. परंतु वादळाचा वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत असेल, तर त्याच किनाऱ्यासारखा वैरी नाही. खोल पाण्यात मोठी लाटही पुष्कळदा नुसती वर-खाली होत निघून जाते. उथळ पाण्यात तिचा तळ अडतो, माथा पुढे झेपावतो आणि ती फुटते. फुटणारी लाट नौकेस उलथवते आणि वाऱ्याचा रेटा तिला खडकावर वा वाळूवर नेऊन घालतो. याचा दाखला शोधण्यास आपणांस आयर्लंडला जावे लागणार नाही. 'रिव्हर प्रिन्सेस' हे अवाढव्य जहाज जून २००० मध्ये सिकेरी-कांदोळीच्या वाळूत येऊन रुतले आणि दहा वर्षांहून अधिक काळ पर्यटकांच्या छायाचित्रांत झळकत राहिले. एवढ्या धुडाची किनाऱ्यापाशी ही गत, तर लहानग्या नौकेची काय कथा?

मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ जो वाळूचा बांध आहे, त्याची गोष्ट आमच्या वाडवडिलांस पाठ होती. पावसाळ्यात त्या बांधावर लाटा फुटू लागल्या की तो मार्ग बंद होई आणि खनिजाचे पडाव कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरत. दिसावयास बंदर हाकेच्या अंतरावर, परंतु त्याच्या दारातच मृत्यू बसलेला! म्हणून भर समुद्रात वादळाने गाठलेल्या शहाण्या नाविकापुढे प्रश्न असतो तो असा : बंदर वादळाच्या आधी, उजेडात आणि सुरक्षित वाटेने गाठता येईल काय? येत असेल तर जावे. नसेल तर जमिनीकडे तोंड न करता उलट खोल पाण्याकडे वळावे आणि मोकळ्या समुद्रात वादळ अंगावरून जाऊ द्यावे. पळावयास जागा असणे यालाच दर्यावर सुरक्षितता म्हणतात.

मोकळ्या समुद्रात मग करावयाचे काय? येथे आमची म्हण कामास येते. एक मार्ग म्हणजे वाऱ्यास पाठ देऊन त्याच्या दिशेने चालणे. मात्र वेग आवरण्यासाठी नौकेच्या मागे लांब जाड दोर किंवा कापडी शंकू सोडावा लागतो, अन्यथा नौका लाटेच्या उतारावरून घसरत जाऊन आडवी होते. दुसरा मार्ग पाठ न देता थबकून राहण्याचा. पुढचे लहान शीड वाऱ्याच्या बाजूस ओढून बांधतात आणि सुकाणू असे जखडतात, की शीड नौकेस वाऱ्यापासून दूर लोटू पाहील व सुकाणू तिला वाऱ्याकडे वळवू पाहील. या दोन ओढींच्या मध्ये नौका जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते आणि थकलेल्या माणसांस चार घास खाण्यास, घटकाभर पडण्यास उसंत मिळते. कोणता मार्ग घ्यावा हे नौकेच्या घडणीवर, लाटेच्या रूपावर आणि पुढे मोकळे पाणी किती आहे यावर ठरते. टाळावयाची गोष्ट मात्र एकच : फुटणाऱ्या लाटेस नौकेची कूस दाखवू नये.

शिडाविषयी थोडे गणित सांगितल्याखेरीज आमच्यातील शिक्षकास राहवत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला की नऊपट. तासाला २५ किलोमीटरच्या वाऱ्यात जे शीड नौकेस लीलया पुढे नेते, तेच ७५ किलोमीटरच्या वाऱ्यात नऊपट बळाने तिला पाडू पाहते. म्हणून वारा वाढला की शीड आखडते घ्यावयाचे, त्याचा खालचा भाग गुंडाळून बांधून टाकावयाचा. आणि हे केव्हा करावे? 'आता करावे काय?' असा प्रश्न मनात प्रथम येईल तेव्हाच. वाट पाहिली की तेच काम काळोखात, ओल्या हातांनी, तिरप्या फळीवर उभे राहून करावे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यांस हे अधिक समजावून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट बांधून घेण्याची. छातीवर पट्टा, पट्ट्यास मजबूत दोर आणि दोराचे टोक नौकेच्या पक्क्या कडीत अडकवलेले, अशा स्थितीतच वादळात वर यावे. फास्टनेटच्या रात्री काहींचे पट्टे तुटले, तर काहींनी पट्टा ज्यास अडकवला होता तो आधारच उखडला. त्यानंतर पट्टे अधिक भक्कम झाले आणि लहान वादळी शिडे व संदेशयंत्रे यांविषयीचे शर्यतीचे नियम कडक झाले. अंगात तरण्याचे जाकीट हवेच. परंतु रात्रीच्या लाटांत पडलेले माणसाचे डोके नौकेवरून दिसणे जवळजवळ अशक्य असते, आणि नौका परत वळवून त्याच जागी आणणे त्याहून कठीण. जाकीट पडलेल्यास तरंगत ठेवते, दोर त्यास पडूच देत नाही. दोहोंत पहिला मान दोराचा.

एवढे सारे करूनही समुद्र कधी कधी जिंकतो, हेही सांगितले पाहिजे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली आणि २००९-१० मध्ये तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता तीच परिक्रमा साधली. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हेच टॉमी गोव्यातच बांधलेल्या 'थुरिया' या लहान नौकेवर एकटे होते. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेस वादळाने त्यांची नौका पूर्ण गरकन फिरवली. डोलकाठी मोडली, पाठीस जबर इजा झाली, उठता येईना. जवळच्या खंडाचा किनारा हजारो किलोमीटर दूर. आता विचार करा, त्यांनी काय केले? मोडक्या नौकेतच ते पडून राहिले आणि आपली अवस्था व आपला ठावठिकाणा उपग्रहामार्गे कळवीत राहिले. भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली आणि २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्यांस उचलून नेले. डोलकाठी गेली, शिडे गेली, तरी तरंगणारी कुडी शाबूत होती आणि तिच्यात राहिलेला माणूस शोधणाऱ्यांस सापडला. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेले हेच टॉमी त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.

या कथेतील संदेशयंत्राकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. १९७९ साली अनेक नौकांपाशी संदेश धाडण्याचे साधनच नव्हते. आज उपग्रहास हाक देणारा लहानसा संकटदीप मिळतो. पाण्यात पडताच किंवा कळ दाबताच तो आपली जागा आकाशात कळवतो, आणि तेथून ती बचाव केंद्रास कळते. जवळच्या जहाजांसाठी रेडिओवर १६ क्रमांकाची वाहिनी राखून ठेवलेली असते. आपल्या तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास पैसा पडत नाही. मात्र हाक मारावयाची ती वेळेवर. लाज वाटते म्हणून दोन तास थांबलेला मनुष्य शोधणाऱ्यांसाठी समुद्र दोन तासांनी मोठा करून ठेवतो.

आता आपल्या घरच्यांविषयी. मुलगा वा मुलगी शिडाची नौका चालवावयास शिकू म्हणत असेल, तर आई-वडिलांनी नुसते 'नको' म्हणू नये. भयाने दिलेला नकार मुलांस चोरून समुद्रावर धाडतो. त्याऐवजी शिकवणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत. निघण्यापूर्वी हवामानखात्याचा इशारा कोण पाहतो? जाकीट प्रत्येकास बेताचे आणि बांधलेले असते काय? मुले पाण्यात असताना सोबत यंत्राची बचावनौका असते काय? आणि नौका कलंडली तर काय करावे, याचा सराव मुलांकडून शांत पाण्यात करवून घेतला जातो काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. 'कलंडलेली नौका धरून राहावे, पोहत किनाऱ्याकडे निघू नये' हे वाक्य त्यात आले नाही, तर दुसरा शिक्षक शोधावा.

आणि शेवटी, न जाण्याविषयी. वादळातील पराक्रमाच्या कथा आपण आवडीने वाचतो, परंतु वादळ येणार हे ओळखून बंदरात राहिलेल्याची कथा कोणी लिहीत नाही. आमचे खारवी बंधू आषाढातल्या दर्याशी झोंबी घेत नाहीत. होड्या वाळूवर ओढून, झावळ्यांनी झाकून ते जाळी विणत बसतात आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ दिल्यावाचून तिकडे पाऊल टाकत नाहीत. आज सरकारनेही यांत्रिक होड्यांस जूनच्या आरंभापासून जुलैअखेरपर्यंत बंदी घातली आहे. ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी असली, तरी माणसांचेही त्यात कल्याण आहे. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला की होडी न काढणारा मनुष्य भित्रा नसतो. त्याने वारा पाहिलेला असतो. पाठ द्यावयाची तर ती येथेच, बंदरात उभे राहून द्यावी. येथे ती फुकट देता येते. पुढच्या वेळी मुलांनी या म्हणीचा अर्थ लिहिला, तर संधिसाधूपणाबरोबर हाही अर्थ आम्ही ग्राह्य धरणार आहोत, आणि त्यास एक गुण अधिक देणार आहोत.